परवडण्याचे व्याकरण

मराठीत ‘गाडी’ हा शब्द मोठा सोशिक आहे. बैलगाडी, घोडागाडी, आगगाडी, मोटारगाडी अशी कितीतरी वाहने त्याने एकामागून एक अंगावर घेतली आणि प्रत्येक वेळी काही काळाने आधीचा शब्द गळून पडून नुसती ‘गाडी’ उरली. ‘गाडी चुकली’ असे कुणी म्हणाले की आपल्याला फलाट आठवतो. ‘गाडी लावून आलोच’ असे पुण्यात कुणी म्हणाले की ती बहुधा दुचाकीच असते. चार चाकांच्या वाहनाला मात्र पुणेरी मध्यमवर्गाने पुष्कळ काळ हा घरगुती शब्द दिला नाही. ती ‘फोर व्हीलर’. म्हणजे चाके मोजून, थोडे अंतर राखूनच तिचा उल्लेख. ज्या वस्तूसाठी घरात घरचा शब्द नाही ती वस्तू अजून पुरती घरात आलेली नाही, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

आमच्या घरात ती गेल्या वर्षापर्यंत आलेली नव्हती. आम्ही दोघेही साहित्य शिकवतो. एकीला अनुदानित महाविद्यालयात पूर्णवेळ नोकरी आहे, दुसरा तासिका तत्त्वावर काम करतो. म्हणजे एका पगाराला महिना आहे आणि दुसऱ्याला फक्त तास. राहतो धायरीला, शिकवतो शिवाजीनगरच्या परिसरात. जाऊन-येऊन सत्तावीस किलोमीटर होतात. हे अंतर आम्ही वीस वर्षे दोन स्कूटरींवर काढले आणि त्याबद्दल तक्रार करावी असे कधी वाटले नाही. मग आई वाईहून आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या. एकाची आई, एकीची सासू. पण हाक दोघांचीही एकच. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, एक खांदा आखडलेला. स्कूटरवर मागे बसणे डॉक्टरांनी बंद केले, बसची पायरी गुडघ्यांनी बंद केली, आणि रिक्षा मिळेल की नाही या चिंतेने उरलेसुरले जाणे-येणे आईंनी स्वतःच बंद केले. वाचनालय सुटले, भिशी सुटली. महिन्यातून दोनदा फिजिओथेरपीला जायचे, तेही आमच्यापैकी कुणाच्या तरी रजेच्या हिशेबाने. ‘माझ्यासाठी गाडीबिडी घेऊ नका हं,’ असे त्या म्हणाल्या, तेव्हा हा विषय आमच्याही आधी त्यांच्या मनात येऊन गेला होता, हे आमच्या ध्यानात आले.

तेव्हा गाडी घ्यायची, लहान घ्यायची, रोजच्या जाण्यायेण्याची घ्यायची आणि परवडणारी घ्यायची, असे ठरले. यातले पहिले तीन शब्द सरळ आहेत. चौथ्याने आम्हांला तीन महिने खेळवले.

‘परवडणे’ हे क्रियापद पाहण्यासारखे आहे. मी परवडतो असे आपण म्हणत नाही. मला परवडते, असे म्हणतो. कर्ता वस्तू असते आणि माणूस चतुर्थीत जाऊन बसतो. भूक लागते, झोप येते, तसेच परवडते. त्यात पैशाचा हिशेब असतोच, पण केवळ पैशाचा नसतो. ‘त्याचे बोलणे ऐकून घेणे मला परवडत नाही’ या वाक्यात एक पैसाही नाही. ‘स्वस्त’ हा वस्तूचा गुण झाला. ‘परवडणारे’ हे वस्तू आणि माणूस यांच्यातले नाते झाले. गाड्यांच्या बाजारात हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. ते तसे वापरल्याने काय होते याचे सर्वांत मोठे उदाहरण पुण्यातच घडले आहे.

नॅनोची अभियांत्रिकी आमच्याच शहरात झाली. पावसात स्कूटरवर चाललेले चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटांना ही गाडी सुचली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात ती दाखवली गेली. मागच्या बाजूला ६२४ घनसेंटिमीटरचे दोन सिलिंडरांचे इंजिन, सुमारे ३.१ मीटर लांबी, आणि एक लाख रुपयांचे वचन. सिंगूरचा कारखाना आंदोलनामुळे त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सोडावा लागला, तो साणंदला गेला. २००९ मध्ये गाडी रस्त्यावर आली आणि २०१८ मध्ये तिचे उत्पादन जवळजवळ थांबले. जगातली सर्वांत स्वस्त गाडी ही तिची ओळखच तिला नडली, हे पुढे खुद्द टाटांनी सांगितले होते. यातली मेख आम्हांला अशी दिसते: स्कूटरवरच्या त्या कुटुंबाला ऊन-पावसापासून आणि रस्त्यापासून आडोसा हवा होता, पण ‘सर्वांत स्वस्त’ हे बिरुद घेऊन आप्तेष्टांच्या दारात उभे राहायचे नव्हते. किंमत परवडत होती. विशेषण परवडत नव्हते.

उलट मारुती ८००. ती १४ डिसेंबर १९८३ रोजी आली, ७९६ घनसेंटिमीटरच्या तीन सिलिंडरांच्या इंजिनानिशी, आणि जानेवारी २०१४ पर्यंत बनत राहिली. तीही लहानच होती. पण तिच्या आधी बाजारात होत्या त्या ॲम्बॅसडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी पद्मिनी. त्यांच्या शेजारी ती स्वस्त दिसण्याऐवजी नवी दिसली. तिच्या लहानपणाला लोकांनी सुटसुटीतपणा म्हटले. लघुत्व उणीव आहे की शिस्त, हे वस्तूपेक्षा तिच्या शेजारी काय ठेवले आहे यावर ठरते. कथा आणि कादंबरी यांच्याविषयी आम्ही वर्गात हे वर्षानुवर्षे बोलत आलो होतो. मोटारींच्या बाबतीत ते इतके तंतोतंत लागू पडेल असे वाटले नव्हते.

शिस्तीचा मुद्दा आणखी थोडा पुढे नेता येतो. लहान गाडीचा आपला एक छंदोनियम आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात लांबी चार मीटरांच्या आत आणि पेट्रोल इंजिन बाराशे घनसेंटिमीटरच्या आत असलेल्या गाड्यांवरचे उत्पादनशुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले गेले. तेव्हापासून भारतातली अर्धीअधिक मोटार-रचना या चार मीटरांच्या मात्रांत बसवली जाते. २००८ मध्ये आलेली इंडिगो सीएस ही पाठीमागची डिकी कापून चार मीटरांत बसवलेली सेडान होती. पुढे अशा शेपूटतोड्या सेडानांची रांगच लागली. जीएसटी आल्यावरही मोजपट्टी तीच राहिली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून या मापात बसणाऱ्या पेट्रोल गाड्यांवरचा २८ टक्के कर व एक टक्का अधिभार जाऊन सरसकट १८ टक्के कर आला. जपानमध्ये ‘केइ’ वर्गाच्या मोटारींना ३.४ मीटर लांबी आणि ६६० घनसेंटिमीटर अशी याहून कडक चौकट आहे. १९५६ च्या सुएझ संकटात ब्रिटनमध्ये पेट्रोलची टंचाई झाली आणि तिच्यातून १९५९ ची मिनी जन्मली. ॲलेक इसिगोनिसने तिच्यात इंजिन आडवे बसवले आणि तीन मीटरांपेक्षा किंचित लांब गाडीत चार माणसांना ऐसपैस जागा करून दिली. चौकट घट्ट झाली की रचनाकाराला माणसाचा विचार अधिक बारकाईने करावा लागतो, निदान चांगल्या रचनाकाराला.

आता आमच्या हिशेबाकडे वळतो. गाडीविषयी विचारला जाणारा पहिला मराठी प्रश्न असतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ सरासरी हा गणितातला निर्विकार शब्द इथे दुभत्या गुणाचे नाव झाला आहे. म्हैस दूध देते, गाडी ॲव्हरेज देते. शोरूममधल्या तरुणाने आम्हांला पत्रकातला आकडा मोठ्या आदराने दाखवला. असे आकडे ज्या मान्यताप्राप्त संस्था प्रमाणित करतात त्यांपैकी एक, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय, आमच्या कोथरूडच्या टेकडीवरच आहे; टेकडीलाही लोक आता तिच्याच नावाने ओळखतात. आम्ही जो आकडा वाचला तो ज्या चाचणीतून येतो तिच्यात मोटार रस्त्यावर जात नाही. ती जागच्या जागी रुळांवर चालते, वेग कधी वाढवायचा, कधी उतरवायचा, कधी थांबायचे हे आधीच आखून दिलेले असते, सगळा प्रयोग वीस मिनिटांत संपतो आणि त्या वेळी एसी बंद असतो. दोन गाड्यांची तुलना करायची तर परिस्थिती सारखी हवी, म्हणून ही पद्धत योग्यच आहे. पण ती संहिता आहे. सिंहगड रस्ता हा तिचा प्रयोग. तिथे २०२४ आणि २०२५ मध्ये उड्डाणपूल खुले झाले तरी संध्याकाळी सहाला पूल उतरला की पुन्हा गर्दी आहेच. शिवाय आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. म्हणजे आमच्या सांगली-कोल्हापूरच्या उसाचाही अंश आमच्या टाकीत असू शकतो, ही गोष्ट मनाला बरी वाटते; पण लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे तेवढ्याच लिटरांत अंतर थोडे कमी कापले जाते.

आम्ही वहीत मांडले ते असे. महिन्याला सुमारे साडेसहाशे किलोमीटर. शहरात लिटरला पंधरा किलोमीटर मिळतील असे धरले आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर खर्च साडेचार हजार. दुसरी गाडी सतरा देत असेल, तर तिचा खर्च चार हजार. म्हणजे ज्या दोन किलोमीटरांवर मित्रमंडळींत तासतासभर वाद झडतात त्यांची किंमत महिन्याला साडेपाचशे रुपयांच्या आत होती. याउलट पाच लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी घेतले तर हप्ता दहा हजार तीनशेच्या पुढे जातो. रोज थोडे चालणाऱ्या माणसाच्या बाबतीत इंधनाच्या खर्चापेक्षा खरेदीचा खर्च मोठा असतो, ही साधी गोष्ट ‘ॲव्हरेज’ या शब्दाच्या तेजामुळे दिसेनाशी होते. तासिकांचे मानधन कधी तीन महिन्यांनी येते, कधी त्याहून उशिरा. हप्ता मात्र महिन्याला येतो. म्हणून हप्ता फक्त एका पगारातून निघाला पाहिजे, ही आमची पहिली अट ठरली आणि तिने अर्ध्या गाड्या आपोआप यादीतून काढल्या.

सीएनजीचा विचार गंभीरपणे केला. किलोला नव्वद रुपये आणि सव्वीस किलोमीटर धरले तर महिन्याचा खर्च साडेचार हजारांवरून सव्वादोन हजारांवर येत होता. गाडी मात्र नव्वद हजारांनी महाग. म्हणजे सव्वातीन वर्षांनी बरोबरी. हिशेब वाईट नव्हता. पण आम्ही पाहिलेल्या गाडीत सिलिंडरने डिकी भरून टाकली होती, आणि आईंची घडीची चाकांची खुर्ची तिथे कोणत्याही कोनातून बसेना. विजेच्या गाडीचा विचार सोसायटीच्या सभेत पोचला आणि तिथेच राहिला: चार्जिंगची जोडणी कुणाच्या मीटरवर, कुणाच्या परवानगीने आणि कुणाच्या भिंतीवरून, या तीन प्रश्नांवर दोन सभा झाल्या. तिसरीची वाट पाहणे आम्हांला परवडणारे नव्हते.

मग सुरक्षिततेचा प्रश्न. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच लोकप्रिय लहान गाड्यांच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर केले. ताशी ६४ किलोमीटरच्या त्या धडकेत पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी शून्य तारे मिळाले होते. त्यानंतर परिस्थिती बदलली. २०१९ पासून एबीएस आणि चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, पुढे शेजारच्या आसनाचीही झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारताची स्वतःची, ऐच्छिक असली तरी, तारांकनाची पद्धत आली. तरी एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. समोरासमोरच्या धडकेतले तारे हे साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांचीच तुलना सांगतात. दोन टनांच्या धुडापुढे आठ-नऊशे किलोंची गाडी कितीही तारे लेवून उभी राहिली तरी भौतिकशास्त्र तिच्या बाजूचे नसते. हे वाचले त्या रात्री आमच्यापैकी एकाने ‘लहान गाडी नकोच’ असा पवित्रा घेतला. ‘मग हप्ता?’ असे दुसरीने विचारले. दोघांचेही बरोबर होते. गरिबीचे मोल पैशांत मोजले जात नाही, कधी कधी ते पत्र्याच्या जाडीत मोजले जाते, हे आम्हांला त्या रात्री वहीसमोर बसून कळले. त्यातून निघालेला मार्ग तडजोडीचा होता: ज्यांचे तारे जाहीर आहेत आणि बरे आहेत त्यांतूनच निवडायचे, आणि ही गाडी शहरातच चालवायची, साताऱ्याला एसटीने किंवा भाड्याच्या मोठ्या गाडीने जायचे.

यादी चार गाड्यांवर आली, तेव्हा आईंना घेऊन चारही शोरूम फिरलो. सर्व शोरूममध्ये विक्रेत्यांनी आमच्याशी पडद्याविषयी बोलणे सुरू केले आणि आई दाराकडे पाहत राहिल्या. पहिल्या गाडीचे आसन इतके खाली होते की बसताना त्यांना पडावे लागत होते. दुसरीत बसता आले, उठता आले नाही. तिसरी आणि चौथी उंच बांधणीच्या. नव्वदच्या दशकाअखेरीस सँट्रो आणि वॅगन आर यांनी जी उंच बैठक आपल्याकडे रुजवली तिच्या कुळातल्या. तिथे आसन कमरेच्या पातळीवर येते, माणूस उतरत नाही, सरकतो. दोन्हींत आई नीट बसल्या.

मग त्यांनी पट्टा ओढला. मागच्या आसनावर पट्टा लावायचाच, हे आमच्याकडे पक्के होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी गेले. मागे बसलेल्या दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. गाडी लाखांची असो की कोटीची, मागच्या माणसाचा पहिला आधार ती पट्टीच. तिसऱ्या गाडीत पट्ट्याचे कुलूप लुळ्या पट्टीवर होते आणि ते आसनाच्या फटीत गेलेले. आखडलेल्या खांद्याने ते शोधणे आईंना जमेना. विक्रेत्याने वाकून लावून दिले. ‘आणि तुम्ही नसाल तेव्हा?’ असे आईंनी त्याला विचारले. चौथ्या गाडीत कुलूप ताठ दांडीवर उभे होते. एका हाताने, न पाहता, त्यांनी ते टक्कन लावले. पुन्हा काढले, पुन्हा लावले. मग आमच्याकडे पाहून म्हणाल्या, ‘हिच्यात मला कुणी लागत नाही.’

ॲव्हरेजच्या यादीत ही गाडी चारांत तिसरी होती. कोणत्याही पत्रकात कुलुपाच्या दांडीचा रकाना नव्हता. आम्ही तीच घेतली. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिले तर ही शिफारस होईल, आणि वाचकाच्या घरातले गुडघे वेगळे असणार.

एक प्रश्न पैशांचा उरला होता. आम्ही दोघेही उशिरा मोटार शिकलो. क्लच-गिअरच्या खेळात एकीचा डावा पाय संध्याकाळी ठणकत असे. एएमटीची सोय असलेली गाडी पन्नास हजारांनी महाग होती. साधा गिअरबॉक्सच, पण क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम यंत्र करते. २०१४ च्या सेलेरिओपासून हे लहान गाड्यांत आले. आम्ही ते ऐषारामात धरून कापून टाकले होते. आईंनी त्यांच्या मुदतठेवीतून ती रक्कम काढली. आम्ही नको म्हटले तर म्हणाल्या, ‘तुम्ही दोघांनी चालवली तर ती घराची गाडी. एकट्याने चालवली तर ती त्याची गाडी, आणि मी पुन्हा त्याच्या सवडीवर.’ एवढ्या अनुभवाच्या बाईंशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

या खरेदीने एक गोष्ट सुटली नाही, ती लिहिली पाहिजे. लहान गाडीही रस्त्यावर सुमारे सहा चौरस मीटर जागा अडवते. स्कूटर अडवते सव्वा ते दीड. ज्या गर्दीला आम्ही वीस वर्षे नावे ठेवली तिच्यात आता आमचेही सहा चौरस मीटर आहेत. म्हणून घरात एक नियम केला आहे: गाडीत किमान दोघे असतील तरच ती महाविद्यालयाच्या दिशेने निघेल. एकट्याला जायचे असेल त्या दिवशी स्वारगेटपर्यंत बस आणि सप्टेंबर २०२४ पासून तिथवर आलेली मेट्रो. नियम दर आठवड्याला पाळला जातोच असे नाही, पण मोडताना नोंद होते.

ही नोंद आई करतात. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाच्या ज्या चौकोनांत त्या दुधाचे लिटर लिहितात त्यांतच आता पेट्रोलचे लिटर आणि किलोमीटर लिहिलेले असतात. गाडी आमच्या अंदाजाहून किंचित कमी, चौदाच्या आसपास देते. मात्र त्याच महिन्याच्या पानावर मंगळवारच्या चौकोनांत ‘वाचनालय’ असे चार वेळा लिहिलेले आहे. त्या शब्दाशेजारी आईंनी किलोमीटरही मांडले आहेत: येऊन-जाऊन पाच.